विद्यार्थी भीमराव आंबेडकर

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य प्रदेशातील महू येथे झाला. शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. पाण्याच्या नळाला हात लावण्याचीही त्यांना मुभा नव्हती.

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रथम ते हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. पण तेथील जेवण त्यांना मानवले नाही. आठवड्याभराने ते भारतीय विद्यार्थी चालवीत असलेल्या निवासात गेले आणि अखेर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. तेथे नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे सोबती होते. या सहवासातून जुळलेला स्नेह आयुष्यभर टिकला. परदेशातील मोकळ्या वातावरणात भीमरावांना आपल्या अस्पृश्यतेचा विसर पडला.

१९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहण्यास कोठेही जागा मिळेना. नाइलाजाने ते नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले. खरी ओळख उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. विद्वत्ता असूनही त्या शहरात त्यांना निवारा लाभला नाही.

१९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. दलित विद्यार्थ्यांना राहण्याची सोय नसेल, तर शाळेची दारे उघडूनही त्यांचे शिक्षण पुरे होणार नाही, हे ते जाणून होते. म्हणूनच १९२५ साली सभेने सोलापूर येथे त्यांच्यासाठी वसतिगृह सुरू केले.