दिनकर केळकर : घरातल्या वस्तूंचा राखणदार

गणपती जवळ आले की आमच्या घरी माळ्यावरची समई खाली येते. चिंच लावून ती घासायची, वातींची घरे साफ करायची आणि अनंत चतुर्दशीनंतर जुन्या लुगड्यात गुंडाळून पुन्हा वर ठेवायची, असा नेम आहे. आजीच्या संसारातली ही एकच वस्तू आमच्याकडे उरली आहे. तिची फणेरपेटी, पुरणयंत्र, आजोबांची कागदपत्रे आणि लग्नातले फोटो एका ट्रंकेत पलंगाखाली असत. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी घरात शिरले आणि ट्रंक गेली. पाणी ओसरल्यावर गाळातून पितळ तेवढे निघाले, तेही आम्हीच हाताने भंगारात घातले. त्या दिवसांत घर धुणे, पिण्याचे पाणी मिळवणे, पोरांना ताप येऊ न देणे याच चिंता होत्या. पुरणयंत्राकडे कोण बघणार? हळहळ पुढे बऱ्याच वर्षांनी वाटू लागली.

म्हणून यंदा अशा एका माणसाचे चरित्र सांगावेसे वाटले, ज्याने जन्मभर इतरांनी टाकलेल्या वस्तू उचलल्या. ते म्हणजे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर.

पुण्याला जाणारे आपल्यापैकी बहुतेक जण शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून आलेले असतात. नावातला राजा पाहून अनेकांना वाटते, हा कोणा संस्थानिकाचा खजिना असेल. केळकर संस्थानिक नव्हते. त्यांचा जन्म १८९६ सालचा. घरचा धंदा चष्म्यांचा. तरुणपणी ते कविता करीत, त्या अज्ञातवासी या नावाने प्रसिद्ध होत आणि मराठी वाचक त्यांना आधी कवी म्हणूनच ओळखत. राजा हे त्यांच्या मुलाचे नाव. तो लहानपणीच गेला. पुढे जे उभे राहिले ते त्याच्या आठवणीसाठी, म्हणून त्याचे नाव आधी आणि वडिलांचे मागून. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लावायची रीत आहे. इथे तीच रीत एका इमारतीच्या दारावर लागली.

संग्रहाला सुरुवात झाली ती १९२०च्या सुमारास. जुन्या सरदार घराण्यांचे वाडे तेव्हा पडू लागले होते. वाटण्या होत होत्या, मुले नोकरीसाठी मुंबईला जात होती आणि वाड्यातले सामान बाजारात येत होते. शस्त्रे, चित्रे, नाणी यांना गिऱ्हाईक होते. समई, लामणदिवा, अडकित्ता, दौत, विळी यांना मात्र वजनाचा भाव. पुढे स्टीलची भांडी आली तेव्हा तर घरोघरच्या बायकांनी तांब्यापितळेची मोड देऊन चकचकीत डबे घेतले. यात त्यांची चूक नव्हती. कल्हई आणि घासणे यांतून त्यांची सुटका झाली. पण मोडीत गेलेले भांडे वितळते, आणि त्यावरची नक्षी, नाव, घडवणाऱ्या तांबटाचा हात, सगळे त्याबरोबर जाते.

केळकरांची नजर नेमकी तिथे होती. पान खाण्याच्या साध्या सवयीभोवती आपल्या लोकांनी किती कला लावली ते त्यांच्या अडकित्त्यांवरून कळते. कुठे घोडा, कुठे पोपट, कुठे नवराबायकोची जोडी, आणि त्यांच्याच पायांमध्ये सुपारी कातरायची. वज्री म्हणजे अंघोळीच्या वेळी टाचा घासायची वस्तू. खालची बाजू खरखरीत आणि वर मोर नाहीतर हत्ती. न्हाणीघरातल्या या वस्तूसाठी ओतारी इतका जीव का ओतत असेल, हा प्रश्न संग्रहालयात उभे राहिल्यावरच पडतो. फण्या, कुंकवाचे करंडे, खेळणी, वाद्ये, पैठणची चित्रकथीची चित्रे, कोरीव दारे, स्वयंपाकाची भांडी, दिव्यांचे शेकडो प्रकार असे करीत संग्रह वीस हजारांच्या वर गेला. मांडायला जागा पुरते ती अडीच हजारांच्या आसपास वस्तूंना. कोथरूडला पडझड झालेल्या मस्तानी महालाचे लाकूडकामही त्यांनी आणवले आणि ते पुन्हा जुळवून संग्रहालयात एक दालन उभे केले.

यासाठी त्यांच्याजवळ राजाचा पैसा नव्हता. चष्म्याच्या धंद्यातून जे येई ते यात जाई. पत्नी कमलाबाईंनी साथ दिली म्हणून हे पन्नास वर्षे चालले. ज्या घरात महिन्याच्या खर्चातून लाकडी दार विकत येते, त्या घरच्या बाईचा वाटा किती मोठा, हे आपल्या घरातल्या बायकांना वेगळे सांगायला नको.

वस्तू गोळा करणे हा निम्माच भाग. दुसरा निम्मा जपण्याचा. लाकडाला वाळवी, कागदाला ओल, कापडाला कसर. पितळ रोज घासले तर नक्षी झिजते, मुळीच हात लावला नाही तर काळे पडते. शिवाय प्रत्येक वस्तूची नोंद हवी. कुठून आली, कशासाठी वापरत, तिला काय म्हणत. नोंद नसलेला अडकित्ता हा नुसता लोखंडाचा नाहीतर पितळेचा तुकडा. नोंद असली की त्यामागे एक घर उभे राहते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. किती वाडे पडले आणि किती घरांतल्या पेट्या वाहून गेल्या, त्याची मोजदाद भांड्यांच्या हिशेबाने कोण करणार? सुरतेच्या माणसाला हे दृश्य समजावून सांगायला नको. दुसऱ्याच वर्षी, १९६२ साली, केळकरांच्या संग्रहाला रीतसर संग्रहालयाचे रूप आले. या दोन घटना आम्ही मनात नेहमी शेजारी ठेवतो. एका वर्षी शहराने आपल्या वस्तू गमावल्या आणि पुढच्या वर्षी त्याच शहरात तशा वस्तू पाहायची जागा झाली.

१९७५ साली केळकरांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आयुष्यभराची कमाई घरात ठेवली असती तर वारसांत वाटली गेली असती आणि पुन्हा बाजारात आली असती. ज्या वाटेने वस्तू त्यांच्याकडे आल्या तीच वाट त्यांनी बंद केली. पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली, भारत सरकारने पद्मश्री दिली. १९९० साली ते गेले. त्यांच्या मागे संग्रहालय राजाच्या नावाने उघडे राहिले.

आणखी एक गोष्ट आम्हाला सुरतेत बसून विशेष वाटते. केळकरांनी वस्तूला तिची भाषा विचारली नाही. मराठी वाड्यातल्या समईबरोबर त्यांनी गुजरातचे कोरीव लाकूडकाम आणले, राजस्थानातल्या आणि दक्षिणेतल्या वस्तू आणल्या. आपली घरेही अशीच आहेत. ताप्ती व्हॅली रेल्वेने खानदेशातून आलेल्या आजोबांचा पाटा-वरवंटा आणि शेजारच्या गुजराती घरातून घेतलेला पटारा एकाच खोलीत असतात. देवघरातली गौर आजोळची असते आणि पाणियाऱ्यावरचा हंडा इथला. लिंबायत, उधना, दिंडोलीपासून अडाजणपर्यंत मराठी घरांतला हा संसार पुण्यातही सापडायचा नाही आणि धुळ्यातही नाही. तो सुरतेचाच आहे.

या शहरात १८९० साली विंचेस्टर म्युझियम सुरू झाले, तेच आज सायन्स सेंटरमधले सरदार पटेल संग्रहालय. मोठ्या वस्तूंसाठी अशा जागा आहेत. आपल्या आजीच्या फणेरपेटीसाठी आपणच काही करायला हवे. त्याला इमारत लागत नाही. एखादे काचेचे कपाट, एक जाड नोंदवही आणि चांगले अक्षर असलेला एक माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. आणि कपाट तळमजल्यावर ठेवू नये, हे आपण पुरातून शिकलोच आहोत.

या दहा दिवसांत प्रत्येक घराने माळ्यावरची एकच वस्तू खाली काढावी. ती कोणाची, कोणत्या गावाहून आली, कशी वापरत, हे घरातल्या सर्वात मोठ्या माणसाला विचारून चार ओळींत लिहावे. वस्तू घरीच राहू दे, कागद मंडळाकडे द्यावा. विचारायला माणूस आहे तोवर हे काम सोपे आहे. आमच्या समईचा कागद आम्ही लिहायला घेतला, तेव्हा ती नाशिकची की धरणगावची, हे सांगणारे घरात कोणी उरले नव्हते. ती ओळ कोरी ठेवून कागद दिला आहे.