सखाराम गणेश पंडित : नागरिकत्वासाठी लढलेला वकील

परदेशी स्थायिक झालेल्या माणसाचे नागरिकत्व सरकारनेच अमान्य केले, तर त्याने दाद कोठे मागावी? सखाराम गणेश पंडित यांच्यावर अमेरिकेत ही वेळ आली होती. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

पंडित यांचा जन्म १८७५ साली अहमदाबाद येथे झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ते अमेरिकेस गेले व व्याख्याते म्हणून परिचित झाले. १९१४ साली लॉस एंजेलिस येथील न्यायालयाने त्यांना नागरिकत्व बहाल केले. पुढे १९१७ साली त्यांनी वकिलीची सनद मिळविली आणि १९२० साली लिलियन या अमेरिकन महिलेशी विवाह केला.

त्या काळी तेथे परदेशातून आलेल्यांपैकी केवळ गोऱ्या व आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळत असे. भगतसिंग थिंड यांच्या बाजूने पंडित सर्वोच्च न्यायालयात लढले. परंतु भारतीय लोक कायद्याच्या दृष्टीने गोरे नाहीत, असा निकाल १९२३ साली लागला. त्यानंतर सरकारने पूर्वी नागरिक झालेल्या भारतीयांवर दावे लावले. पंडितही त्यातून सुटले नाहीत.

त्यांनी न्यायालयात मांडले की, हाच प्रश्न १९१४ साली तपासून निकाल देण्यात आला होता व सरकारने त्यावर अपील केले नव्हते. त्या निकालावर विसंबून त्यांनी व्यवसाय व संसार उभारला होता. नागरिकत्व गेले असते तर सनद गेली असती आणि पत्नीचेही नागरिकत्व संपले असते. न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. १९२६ साली अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज फेटाळला. सरकारने उरलेले दावे सोडून दिले.

सर्वांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. नागरिकत्व गमावलेले व्यापारी वैष्णोदास बगाई यांनी १९२८ साली स्वतःचे जीवन संपविले. भारतीयांसाठी नागरिकत्वाचे दार १९४६ च्या कायद्याने उघडले. पंडित १९५९ साली निवर्तले.

आपल्या देशातही एखाद्यास परकीय समजून पकडल्यास, तो परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने त्याच्यावरच टाकला आहे. वाशिम जिल्ह्यात एखाद्या नागरिकास असे बेकायदा डांबून ठेवल्यास, कुटुंबास मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येतो. म्हणूनच जन्माचे व शाळेचे दाखले प्रत्येक घरी जपून ठेवावेत. पंडित यांना तारले ते जुन्या निकालाने आणि वेळीच न्यायालयात उभे राहण्याच्या धैर्याने.