हाफकिन आणि एक दूषित बाटली

१८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिक सन्निपात म्हणजे प्लेग उसळला, तेव्हां सरकारनें वाल्डेमार हाफकिन यांस कलकत्त्याहून बोलाविलें. १८६० सालीं ओडेसा येथें जन्मलेल्या या यहुदी शास्त्रज्ञानें ग्रँट मेडिकल कॉलेजांतील अपुऱ्या जागेंत प्लेगचे जंतू वाढविले. हा जंतू अन्न व ऊब मिळतांच दुभंगतो. एकाचे दोन, दोहोंचे चार होतात. उंदरांवरील पिसवा तो माणसांत आणितात. उष्णतेनें मारलेल्या जंतूंची लस त्यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगांतील राजीखुशीनें पुढें आलेल्या कैद्यांस दिली.

१९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोचलेले १९ जण धनुर्वातानें दगावले. ठपका हाफकिन यांजवर आला. बाटली गांवांत उघडतांनाच दूषित झाली असावी, हें मान्य होण्यास १९०७ साल उजाडलें. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव मिळालें. १९३० सालीं ते लोझान येथें वारले.

जंतूंप्रमाणेंच अफवाही एकाच्या दोन होतात. हाटकेश येथील दुकानदार व वखारवाले बंधूंस आमचें सांगणें इतकेंच कीं, धान्य झांकून उंदरांस थारा देऊं नये. आणि लशीविषयीं कुजबूज कानीं आल्यास ती पुढें ढकलण्यापूर्वीं वैद्यास विचारावें. चौकशीपूर्वीं दोष देणाऱ्या समाजास दुसरा हाफकिन कोठून लाभणार?