पु. ल. देशपांडे : संगीतकार ते दिग्दर्शक

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (१९१९–२०००) विनोदी लेखक म्हणून सर्वपरिचित आहेत. तथापि त्यांच्या कारकिर्दीचा आरंभीचा टप्पा चित्रपटाने व्यापलेला होता. 'कुबेर' (१९४७) या चित्रपटातून ते पडद्यावर आले. पुढे त्यांनी 'देवबाप्पा'सह अनेक चित्रपटांना संगीत दिले. 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटाची पटकथा, संवाद, संगीत, प्रमुख भूमिका आणि दिग्दर्शन ही सर्व अंगे त्यांनी एकट्याने सांभाळली. गीते ग. दि. माडगूळकरांची होती. यानंतर मात्र ते चित्रपटसृष्टीपासून दूर झाले आणि १९५५ मध्ये आकाशवाणीत रुजू झाले. चित्रपटाने दिग्दर्शक गमावला. संगीतकाराचा कान मात्र त्यांच्या गद्याला लाभला. 'व्यक्ती आणि वल्ली' अभ्यासताना प्रत्येक व्यक्तीच्या बोलीची लय म्हणूनच लक्षपूर्वक ऐकावी.