कै. बाळू पालवणकर : कष्टाळू खेळाडू व कुटुंबवत्सल वडील बंधू

पिंप्राळ्याच्या शिवारात कापूस वेचून झाला म्हणजे मोकळ्या रानात मुले चेंडूफळीचा खेळ मांडतात. कोणी खडे वेचतो, कोणी काठ्या रोवतो; आणि बहुधा जो सर्वांत गरीब घरचा, तोच शेवटपर्यंत चेंडू टाकीत राहतो. ते पाहिले म्हणजे आम्हास कै. बाळू पालवणकर यांची आठवण होते.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चांभार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस होते. पुण्यास आल्यावर बाळू पारशी लोकांच्या क्लबात दरमहा ३ रुपयांवर मैदान झाडू लागले. पुढे ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर राहिले. तेथे जमिनीवर रूळ फिरवावा, जाळी बांधावी आणि साहेबांच्या सरावासाठी चेंडू टाकावा, असे त्यांचे काम असे. फळी त्यांच्या हाती क्वचितच येई. परंतु ग्रेग नावाच्या नामांकित साहेबास रोज चेंडू टाकता टाकता त्यांचा डावा हात असा तयार झाला की, भल्याभल्यांस त्यांचा चेंडू समजेना. जे काम चाकरीचे म्हणून मिळाले, तेच त्यांनी विद्येप्रमाणे साधले.

पुण्याच्या हिंदू संघास गोऱ्यांवर विजय हवा होता, म्हणून बाळूंना संघात घेणे भाग पडले. मैदानावर सवर्ण गडी त्यांनी टाकलेला चेंडू हाती धरीत. पण चहाची वेळ झाली म्हणजे बाळूंनी बाहेर उभे राहून मातीच्या पात्रातून चहा प्यावा आणि जेवणासही निराळे बसावे, अशी रीत होती. चेंडूस विटाळ नव्हता, पेल्यास मात्र होता! हा अपमान सोसूनही त्यांनी आपल्या कामात कसूर केली नाही. विजयामागून विजय येऊ लागले, तेव्हा पुढे काही सहखेळाडू त्यांच्या पंक्तीस बसू लागले.

१८९६ साली पुण्यात प्लेगाची भीती पसरली, तेव्हा बाळू मुंबईस आले. तेथे ते हिंदू जिमखान्याकडून व रेल्वेच्या संघातून खेळले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्या विजयात बाळू व त्यांचे बंधू शिवराम या दोघांचाही वाटा होता. १९११ साली हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. संघास पराभव पुष्कळ पत्करावे लागले. परंतु बाळूंनी एकट्याने ११४ गडी बाद केले. त्या वेळी त्यांचे वय ३५ वर्षांचे होते.

इतके करूनही संघाचे नायकपद त्यांना कधी मिळाले नाही. मात्र शिवराम, गणपत व विठ्ठल हे धाकटे बंधू त्यांच्याच पावलावर पाऊल ठेवून मैदानात उतरले. १९२० साली बाळूंना संघातून वगळण्यात आले, तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनीही खेळण्यास नकार दिला. समेट झाल्यावर बाळू उपनायक झाले. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे नायक झाले व त्यांनी विजय मिळविला. वडील बंधूस जे नाकारले गेले, ते धाकट्याच्या पदरी पडले. ज्या घरात एकाचा अपमान तो सर्वांचा मानिला जातो, त्या घराचे बळ मोठे असते.

१९३२ सालच्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ सालच्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले व थोड्या मतांनी पराभूत झाले. त्या मतभेदाविषयी आज कोणी काहीही म्हणो, त्यांच्या कष्टांची किंमत त्याने कमी होत नाही. ४ जुलै १९५५ रोजी ते मुंबईत निवर्तले.

बाळू आपल्या मंडळीचे नव्हते, तरी त्यांचे चरित्र आपणास एक प्रश्न विचारते. आपण एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतो. परंतु उपासना संपल्यावर लग्नाच्या पंगतीत अथवा सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारतो की नाही? विचारत असू, तर मातीचे ते पात्र अद्याप आपल्याच अंगणात पडलेले आहे. कॅटेकिस्ट बंधूंनी येत्या रविवारी मंडळीसमोर हा विषय काढावा, अशी आमची नम्र विनंती आहे. आणि सायंकाळी मुलांचा खेळ पाहावयासही अवश्य जावे.