विक्रमशहा मुकणे

राज्ये उदयास येतात, वैभवास चढतात आणि काळाच्या ओघात लयास जातात. प्राचीन इजिप्तच्या सम्राटांनी आपल्या थडग्यांत अपार सोने ठेवविले. परंतु राज्य दुर्बल होताच त्यांच्याच प्रजेपैकी काहींनी ती थडगी फोडली. साठविलेले धन राज्य राखीत नाही, हा धडा जव्हारच्या इतिहासातही मिळतो.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ, अरण्यमय मुलखात महादेव कोळी जमातीतील मुकणे घराण्याने आपली सत्ता उभारली. मूळ पुरुष जयबा यांनी बैलाच्या कातड्याएवढी भूमी मागितली आणि त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून विस्तीर्ण मुलूख वेढला, अशी कथा सांगतात. 1343 साली दिल्लीच्या सुलतानाने जयबांचे पुत्र नेमशहा यांस राजा ही पदवी दिली.

याच घराण्यात सतराव्या शतकात विक्रमशहा गादीवर होते. कल्याणहून सुरतेकडे जाणारी वाट त्यांच्या मुलखातून जात असे. जानेवारी 1664 मधील सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराज जव्हारला आले, तेव्हा विक्रमशहांनी त्यांचे आदराने स्वागत केले. महाराजांनी त्यांच्या मस्तकी शिरपेच चढविला व त्यावरून त्या माळाला शिरपामाळ हे नाव पडले, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात.

पण हा स्नेह फार काळ टिकला नाही. 1670 साली महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. गुजरातची वाट आपल्या हाती असणे ही आता स्वराज्याची निकड होती. आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले राज्य आपण होऊन सोडणे कोणत्या राजास मानवेल? अखेर जून 1672 मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकून घेतले. 17 लक्ष रुपयांचा खजिना त्यांच्या हाती आला आणि विक्रमशहांना राजधानी सोडावी लागली. ज्या वाटेने सन्मान आला, त्याच वाटेने संकटही आले.

पुढे मुकणे घराण्याने गादी पुन्हा सांभाळली. तथापि पेशवाईत राज्याचा बराच मुलूख गेला आणि 1948 साली जव्हार संस्थान विलीन झाले. त्या खजिन्याचा आज मागमूसही नाही. परंतु विक्रमशहांनी केलेल्या आदरातिथ्याची आठवण शिरपामाळाने अद्याप जपली आहे.