आयनांचा शोधक : स्वांते आर्हेनियस

शुद्ध पाण्यातून विजेचा प्रवाह जेमतेम वाहतो. कोरड्या मिठातून तर वाहतच नाही. परंतु तेच मीठ पाण्यात विरघळले की द्रावण विद्युद्‌वाहक बनते. या नवलाचे मर्म ज्यांनी उलगडले, त्या स्वीडिश शास्त्रज्ञाचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे.

आर्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्साला नगराजवळील विक येथे झाला. वडील भूमापक होते. बालपणापासूनच आर्हेनियस यांना गणिताची विलक्षण गोडी होती. उप्साला विद्यापीठातील शिक्षणाने समाधान न झाल्याने १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला प्राध्यापक एडलुंड यांच्याकडे गेले व तेथे द्रावणांची वाहकता मोजू लागले.

प्रवाह सोडल्यावरच क्षारांचे विघटन होते, अशी त्या काळी समजूत होती. द्रावणातील काही रेणू प्रवाहापूर्वीच वहनक्षम झालेले असतात, असे आर्हेनियस यांनी १८८४ च्या आपल्या प्रबंधात मांडले. उप्सालाच्या परीक्षकांना ते पटले नाही. प्रबंधास चौथी, म्हणजे खालची श्रेणी मिळाली. अध्यापकपदाची वाट जवळजवळ बंद झाली.

परंतु ते खचले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशी विद्वानांकडे धाडल्या. रीगाचे प्राध्यापक ओस्टवाल्ड यांना त्याचे मोल कळले व ते या तरुणास भेटण्यासाठी स्वतः उप्सालास आले. पुढे १८८७ मध्ये आर्हेनियस यांनी निःसंदिग्धपणे सांगितले की, विरघळताच क्षाराचे धन व ऋण आयन सुटे होतात आणि त्यांची हालचाल हेच द्रावणातील विद्युद्‌वहन होय. ज्या विचाराने हीन श्रेणी मिळवून दिली, त्याच विचारासाठी १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले.

आज काही विद्युत्‌घटांत पातळ द्रावणाऐवजी बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा, मऊ जेल वापरतात. त्याच्या जाळीत द्रव अडकून राहतो, गळत नाही. आणि लिथियमचे आयन त्यातून वाट काढतात. उष्णता वाढली की त्यांची गती वाढते. तापमानाचा रासायनिक क्रियेच्या वेगाशी असलेला संबंध आर्हेनियस यांनी १८८९ मध्ये समीकरणाने दाखविला. आयनांची वाहकता अभ्यासतानाही संशोधक प्रथम तेच समीकरण लावून पाहतात. जेथे बहुवारिकाच्या साखळ्यांची हालचाल आयनांना वाट करून देते, तेथे मात्र ते पुरे पडत नाही आणि निराळे सूत्र योजावे लागते.

परीक्षकाने दिलेली श्रेणी हा अखेरचा निर्णय नव्हे. अखेरचा निर्णय सत्य देते. मात्र त्यासाठी, आर्हेनियस यांच्याप्रमाणे, आपले मोजमाप चोख असावे लागते.